बापाचा स्टेंट, पोराचं रक्त

कोल्हापुरात पोराची तब्येत नजरेनं मोजतात. दंड किती भरलाय, छाती किती रुंदावलीय, जोर-बैठका किती निघतात, यावरून वस्ताद पोरगं कसं आहे ते सांगतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध एका दमात रिचवणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराच्या रक्तात काही बिघाड असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या तालमीसाठी फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटं धावणाऱ्याबद्दल तर नाहीच. पण कोलेस्टेरॉल नजरेला दिसत नाही. ते दुखत नाही, त्यानं धाप लागत नाही, ताप येत नाही. सोळाव्या वर्षी वाढलेलं असलं तरी त्याची पहिली तक्रार बहुधा पंचेचाळिशीत येते, आणि कित्येकदा ती पहिली तक्रार म्हणजे थेट हार्ट अटॅकच असतो.

जुलै २०२४मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं रक्तातल्या मेदांच्या बिघाडाबद्दल भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यात म्हटलं आहे की पहिली लिपिड तपासणी १८व्या वर्षी व्हावी. घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल किंवा कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक दोष असेल, तर त्याही आधी. आपल्याकडे ही तपासणी चाळिशीनंतरच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये होते, किंवा छातीत कळ आल्यावर. मग मिसरूड फुटायच्या वयात रक्त कशासाठी तपासायचं?

विशीतल्या धमन्या

कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी शवविच्छेदनात तपासली आणि १९५३मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या जवानांचं सरासरी वय २२ होतं. धडधाकट म्हणून सैन्यात निवडलेली ही मुलं, पण त्यांच्यातल्या ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत नुसत्या डोळ्यांनी दिसतील असे बदल होते. हृदयविकार म्हातारपणाचा, ही समजूत तिथं पहिल्यांदा जोरात हलली. पुढं १९७३पासून अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात बोगालुसा या छोट्या गावातल्या मुलांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. त्यांतले जे अपघातात वगैरे दगावले त्यांच्या धमन्या तपासल्या, तेव्हा लहानपणी ज्यांचं वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल जास्त होतं, त्यांच्याच धमन्यांत मेदाचे पट्टे अधिक सापडले.

हे पट्टे तयार होतात ते असे. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून जाताना ते प्रथिनाच्या वेष्टनातल्या कणांत बसून जातं. त्यांतला एलडीएल हा कण धमनीच्या आतल्या नाजूक अस्तराखाली शिरतो आणि तिथं अडकतो. त्याला खायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात. वर्षानुवर्षं हा ढीग धमनीच्या भिंतीत साचतो आणि त्यावर तंतूंचं कवच चढतं. एखाद्या दिवशी ते कवच फाटतं, फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी धरते, आणि काही मिनिटांत हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबतो. अटॅक काही मिनिटांचा, त्याची तयारी तीस वर्षांची.

म्हणून हिशेब नुसत्या आकड्याचा नसतो, आकडा आणि वर्षं यांच्या गुणाकाराचा असतो. सेवा सोसायटीच्या कर्जासारखंच हे: व्याजाचा दर जरा बरा असला तरी मुदत लांबत गेली की बाकी फुगते. पन्नाशीत एलडीएल १६० झालेल्या माणसापेक्षा जन्मापासून १६० घेऊन फिरणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या धमन्यांवर जास्त बोजा चढलेला असू शकतो. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या सुमारे साडेअडतीस हजार मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेणारा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड (रक्तातला दुसरा मेद) आणि पौगंडावस्थेतलं धूम्रपान या पाच गोष्टींचा पुढच्या हृदयविकाराशी आणि त्यातल्या मृत्यूंशी सरळ संबंध त्यात दिसला.

सडपातळ, तरीही

भारतीयांच्या बाबतीत घड्याळ थोडं पुढंच आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आला होता. बाकीच्यांना ५९च्या आसपास. आणि अंगकाठी पाहून धोका ओळखण्याची आपली सवय इथं फारशी कामाची नाही. याचा पुरावा पुण्यातूनच आला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. या मुलांचं जन्माचं वजन कमी, स्नायू कमी, पण इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना करता शरीरातली चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. बारीक दिसणारं, आतून चरबी धरून असणारं भारतीय बाळ ही कल्पना या कामातून जगभर पोहोचली. २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचाच एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुढं त्याच गावांतली मुलं १८ वर्षांची झाली, तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळल्या. त्यांतल्या बऱ्याच जणांचं वजन कमीच होतं.

रक्तातल्या मेदांचं राष्ट्रीय चित्रही उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या २०१६ ते १८ या काळातल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचं रक्त तपासलं गेलं. १० ते १९ वयोगटात एलडीएल जास्त असलेली मुलं सुमारे ४ टक्के निघाली, ट्रायग्लिसराइड जास्त असलेली १६ टक्के आणि एचडीएल, म्हणजे संरक्षक समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, कमी असलेली २८ टक्के. ५ ते ९ वयोगटात तर ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या घरात होतं. महाराष्ट्र यात कमी प्रमाणाच्या राज्यांत आहे, एवढाच दिलासा.

दोन रिपोर्ट, दोन वेगळे बिघाड

समजा, लॅबमधून दोन मुलांचे रिपोर्ट आले. पहिल्याचं एकूण कोलेस्टेरॉल १८२, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड १६८. दुसऱ्याचं एकूण कोलेस्टेरॉल २८६, एचडीएल ४८, ट्रायग्लिसराइड ९०. (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.) एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केलं, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा केला, की एलडीएल निघतं. १९७२पासून लॅबवाले याच सूत्रानं हिशेब करत आले आहेत. पहिल्याचं एलडीएल ११४ येतं, दुसऱ्याचं २२०.

लहान मुलांच्या मर्यादा मोठ्यांपेक्षा कडक असतात. एकूण कोलेस्टेरॉल १७०च्या आत असावं आणि २००च्या वर गेलं तर जास्त. एलडीएल ११०च्या आत असावं, १३०पासून जास्त. दहा वर्षांवरच्या मुलांचं ट्रायग्लिसराइड ९०च्या आत असावं, १३०पासून जास्त. एचडीएल ४५च्या वर असावं, ४०च्या खाली कमी. बऱ्याच रिपोर्टांवर शेजारच्या रकान्यात मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असते. त्यामुळे पहिल्या मुलाचं १८२ ‘नॉर्मल’ वाटून रिपोर्ट कपाटात जातो. खरं तर एकूणमधून एचडीएल वजा केल्यावर उरणारा आकडा १४८ आहे, आणि मुलांसाठी १४५पासून तो जास्त धरतात.

पहिल्या मुलाचा बिघाड प्रामुख्यानं राहणीचा आहे. साखर, मैदा, गोड पेयं आणि बैठं आयुष्य यांतून आलेली जादा ऊर्जा यकृत ट्रायग्लिसराइडमध्ये बदलतं. इन्सुलिन नीट काम करत नसेल तर हे आणखी वाढतं, एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात. भारतीय मुलांत हाच नमुना जास्त दिसतो. आणि तो सुधारतो.

दुसऱ्या मुलाच्या घरात खाण्यापिण्याची शिस्त कडक असली तरी आकडा फारसा हलणार नाही. एलडीएलला रक्तातून उचलून घेणारी ग्राहके यकृताच्या पेशींवर असतात, आणि या मुलात ती जन्मतःच कमी आहेत. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं. या दोषाला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. जगभरात साधारण २५० माणसांमागे एकाला तो असतो. हेच प्रमाण कोल्हापूर जिल्ह्याच्या २०११च्या जनगणनेतल्या ३८ लाख ७६ हजार लोकांना लावलं, तर साडेपंधरा हजार माणसं होतात. आई किंवा बाप, एकाला दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

इथं आपल्या भागातल्या एका रीतीचा विचार करावा लागतो. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी, मानाची सोयरीक. नवराबायको दोघांच्या अंगात एकाच आजी-आजोबांकडून आलेला तोच दोष असेल, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला दोन्हीकडून तो मिळण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाचं एलडीएल ४००च्याही पुढं जाऊ शकतं. कोपर, गुडघा, टाचेमागची शीर, बोटांच्या बेचक्यांत पिवळसर गाठी येतात, आणि विशीच्या आतच हृदयधमन्या बंद पडू लागतात. असं मूल बहुधा आधी त्वचारोगतज्ज्ञाकडं पोहोचतं, कारण घरच्यांना ती कातडीचीच तक्रार वाटते.

तिसरी एक गोष्ट साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये येतच नाही: लिपोप्रोटीन-ए. ती जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरते, आयुष्यभर साधारण तेवढीच राहते, आणि सुमारे एक चतुर्थांश भारतीयांत जास्त असते. २०२४च्या सूचना सांगतात की प्रत्येकानं ती आयुष्यात एकदा तरी मोजावी. ५० मिलिग्रॅमच्या वर धोका वाढतो.

सगळ्यांची की निवडक मुलांची?

यावर जगात एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या तज्ज्ञगटानं २०११मध्ये सांगितलं की प्रत्येक मुलाची चाचणी ९ ते ११ या वयात एकदा आणि १७ ते २१ या वयात पुन्हा एकदा करावी. मधली वर्षं सोडण्याचं कारण शरीराचंच आहे. वयात येताना एलडीएल तात्पुरतं १० ते २० टक्क्यांनी घसरतं, आणि चौदाव्या वर्षी केलेली चाचणी खोटा दिलासा देऊ शकते. पण त्याच देशातल्या दुसऱ्या अधिकृत तज्ज्ञगटानं २०१६मध्ये आणि पुन्हा २०२३मध्ये म्हटलं की सरसकट चाचणीचा फायदा जास्त की तोटा, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. ‘अपुरा’ म्हणजे ‘निरुपयोगी’ नव्हे. दहा वर्षांच्या मुलाची चाचणी केल्यानं त्याचा पन्नाशीतला अटॅक टळला, हे प्रयोगानं सिद्ध करायला चाळीस वर्षं थांबावं लागेल, आणि तसा प्रयोग कुणी केलेला नाही.

युरोपातल्या छोट्या स्लोव्हेनियानं वाट पाहिली नाही. तिथं १९९५पासून पाच वर्षांच्या मुलांचं कोलेस्टेरॉल शाळेत जाण्यापूर्वीच्या तपासणीत मोजतात. ब्रिटनमध्ये १ ते २ वर्षांच्या दहा हजारांवर बाळांची लसीकरणाच्या वेळीच टाचेतून थेंबभर रक्त घेऊन चाचणी केली गेली. २०१६मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दर हजार बाळांमागे आनुवंशिक दोष असलेली चार बाळं सापडली, आणि त्यांच्यामुळे चार पालकही. बाळाच्या रक्तातून बापाचा धोका कळला.

कोल्हापुरात ही साखळी उलट्या टोकानं सुरू करणं सोपं आणि स्वस्त आहे. सीपीआर रुग्णालय असो की शहरातलं एखादं खासगी हृदयरुग्णालय, तिथं चाळिशी-पंचेचाळिशीतले पुरुष अँजिओप्लास्टीसाठी येतात. खर्च पुष्कळदा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागतो. घरी जाताना हातात गोळ्यांची यादी आणि पथ्याचा कागद असतो. पण ‘तुम्हाला मुलं किती, त्यांचं कोलेस्टेरॉल पाहिलंय का?’ हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. लाखाच्या घरातला खर्च झालेल्या घरात काही शे रुपयांची चाचणी राहून जाते. ५५च्या आत पुरुषाला किंवा ६५च्या आत स्त्रीला हृदयविकार झाला, की त्या घरातली मुलं, भावंडं, पुतणे, भाचे यांचं रक्त तपासलं पाहिजे. ज्याच्यात दोष सापडेल त्याच्या भावंडांकडं आणि मुलांकडं तपासणी पुढं सरकते. शंभर अनोळखी मुलांच्या दंडाला सुई टोचण्यापेक्षा अशा एका घरातल्या चौघांची चाचणी जास्त काही सांगून जाते.

शाळेची यंत्रणाही आहेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये पालघरमध्येच झाली. त्याची पथकं शाळाशाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, जन्मजात हृदयदोष शोधतात, शस्त्रक्रियेसाठी पाठवतात. लिपिड चाचणी त्यांच्या यादीत नाही, आणि प्रत्येक मुलाचं रक्त काढणं त्यांना झेपणारंही नाही. पण तपासणीच्या कार्डावर दोन प्रश्न वाढवायला काही खर्च नाही: घरात लहान वयात कुणाला अटॅक आला का, आणि आई-वडिलांपैकी कुणी कोलेस्टेरॉलची गोळी घेतं का. जिथं ‘हो’ आलं, तिथं पुढची चाचणी. त्याशिवाय ज्या मुलाचं वजन जास्त आहे, रक्तदाब किंवा साखर वाढलेली आहे, मूत्रपिंडाचा जुना आजार आहे, त्याचीही.

चाचणी करताना

पहिल्या चाचणीला उपाशीपोटी जावंच लागतं असं नाही. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल जेवणानं फारसं बदलत नाही. ट्रायग्लिसराइड खूप वाढलेलं निघालं तर मात्र ९ ते १२ तास उपाशी राहून पुन्हा तपासावं. नुकताच डेंग्यू, न्यूमोनिया किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबावं, कारण आजारात कोलेस्टेरॉल खाली येतं. एका रिपोर्टवर कुठलाही शिक्का मारू नये. पहिला आकडा जास्त आला तर दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतरानं पुन्हा चाचणी करून सरासरी पाहतात. थायरॉइड मंदावणं, नेफ्रोटिक सिंड्रोम, मधुमेह, स्टेरॉइडची औषधं यांनीही मेद वाढतात. तालमीत किंवा जिममध्ये कुणी ‘बॉडी बनवायची’ सुई देत असेल तर तीही डॉक्टरांना सांगावी.

या चाचणीला काय कळत नाही, हेही नीट ठाऊक हवं. खेळता खेळता कोसळून मूल गेल्याची बातमी आली की गावात कोलेस्टेरॉलची चर्चा सुरू होते. पण शाळकरी वयातल्या अशा मृत्यूंमागं बहुधा वेगळी कारणं असतात: हृदयाचा स्नायू जन्मतः जाड असणं, हृदयाच्या विजेच्या तालातला दोष, हृदयस्नायूला सूज, किंवा जन्मजात दोष. त्यांच्यासाठी ईसीजी आणि इको या तपासण्या आहेत. खेळताना चक्कर येणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं किंवा घरात कुणाचा अचानक मृत्यू झालेला असणं, या खुणा असतील तर लिपिडच्या चांगल्या रिपोर्टवर विसंबून राहू नये.

आकडा आल्यावर

पहिल्या मुलाला गोळी लागत नाही. त्याच्या ताटाकडं आणि दिवसाकडं बघावं लागतं. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा इथला खलनायक नाही. बिघडवतं ते रोजचं. चहात बुडवलेली खारी, बटर, टोस्ट, शाळेबाहेरचे कुरकुरीत पुडे, थंड पेयाची बाटली. ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल घटवतं. जानेवारी २०२२पासून तेला-तुपांत आणि पदार्थांत त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे. पण हातगाडीवरच्या कढईला लेबल नसतं. कोल्हापुरी गूळ भौगोलिक मानांकन मिळवलेला, अभिमानाचा. यकृताला मात्र तो साखरेसारखाच.

दुधाचा हिशेब थोडा वेगळा. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. पाव लिटरच्या एका पेल्यातून पंधरा-सोळा ग्रॅम चरबी जाते, त्यातली निम्म्याहून जास्त संपृक्त. पहाटे चारला उठून माती खेळणाऱ्या पैलवानाला तो खुराक जिरतो. दहावी-बारावीला तालीम सुटते, संध्याकाळ क्लासमध्ये जाते, पण पेला तसाच राहतो. बिघाड तिथून सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल असा व्यायाम सांगते. बोर्डाच्या वर्षात नेमका हाच तास पहिल्यांदा वेळापत्रकातून कापला जातो. मुलींचा तर तो त्याही आधी सुटतो.

दुसऱ्या मुलाला मात्र औषध लागतं, आणि ते देताना घाबरू नये. आनुवंशिक दोष असलेल्या मुलांना साधारण ८ ते १० वर्षांपासून स्टॅटिन देता येतं. नेदरलँड्समधल्या अशा २१४ मुलांना वीस वर्षं पाहिलं गेलं आणि निष्कर्ष २०१९मध्ये आले. लहानपणापासून गोळी घेणाऱ्या या मुलांत ३९व्या वर्षापर्यंत हृदयविकार झाले १ टक्क्याला. तोच दोष असलेल्या त्यांच्या आई-वडिलांत, ज्यांना गोळी खूप उशिरा मिळाली, त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना. एकाच घरातल्या, एकाच जनुकाच्या दोन पिढ्यांतला हा फरक आहे. मुलींच्या बाबतीत पुढं गर्भधारणेचा विचार सुरू होताच औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावं लागतं, हे आईनं आधीच जाणून ठेवावं.

पोराला ‘हृदयरोगी’ म्हणून घरात बसवणं हा दुसरा अपाय. वाढलेलं कोलेस्टेरॉल हा रोग नव्हे, ती पुढच्या रोगाची आगाऊ नोटीस आहे. त्यानं तालमीत जावं, फुटबॉल खेळावा, लग्नाच्या वयात स्थळं पाहावीत. या साऱ्याच्या आड ती गोळी येत नाही.

ज्या घरात पंचावन्नच्या आत पुरुषाला किंवा पासष्टच्या आत स्त्रीला स्टेंट बसला, बायपास झालं किंवा झोपेत कुणी गेलं, त्या घरानं आपल्या पोरांचं रक्त याच महिन्यात तपासून घ्यावं. बाकीच्यांनी अठरावं लागलं की कॉलेजच्या प्रवेशाच्या कागदांबरोबर ही एक चाचणी उरकून टाकावी. आणि हृदयरुग्णालयांनी डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ वाढवावी: मुलांचं लिपिड प्रोफाइल करून, तो रिपोर्ट घेऊन पुढच्या तपासणीला या.